लाकडे बदलली तरी नौका तीच राहते का? मुंबईत बांधलेल्या ‘ट्रिंकोमली’विषयी

आपण साताऱ्याचे, नौदलातून निवृत्त झालेले, आणि मुलाकडे इंग्लंडला गेले असताना हार्टलपूल येथे ‘ट्रिंकोमली’ ही जुनी फ्रिगेट पाहून आलात. ही युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधली, हे तिथे वाचून आपला ऊर भरून आला. परंतु आत फिरताना ठिकठिकाणी नवे लाकूड दिसले आणि मन खट्टू झाले, असे आपण लिहिले आहे. इतके लाकूड बदलल्यावर ती जमशेटजींची नौका राहते का, हा आपला पहिला प्रश्न. तिला पाण्यातून कायमची बाहेर काढून छपराखाली ठेवले तर ती अधिक टिकणार नाही का, हा दुसरा. आपल्या मराठी आरमाराची एकही नौका का उरली नाही, असेही आपण शेवटी विचारले आहे.

मी सांगलीत गेली तीस वर्षे जुन्या लाकडाच्या दुरुस्तीचे काम करतो. वाडे, देवळांचे सभामंडप, रथ आणि कृष्णेतील जुन्या नावा हे माझे क्षेत्र आहे. युद्धनौकेवर मी स्वतः पटाशी चालवलेली नाही, त्यामुळे तिथल्या कारागिरांच्या निर्णयांवर मत देण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. लाकूड मात्र वाड्यात असो वा नौकेत, ते कुजते त्याच कारणांनी आणि वाकते त्याच नियमाने, म्हणून या आधारावर उत्तर देण्याचे धाडस करतो.

आपला पहिला प्रश्न ‘जुने लाकूड किती टक्के उरले’ या मापाने सुटत नाही. कोणता तुकडा काढला, तो का काढला, त्याच्या जागी बसवलेला नवा तुकडा तेच काम तशाच रीतीने करतो का, आणि काढलेल्या तुकड्याची नोंद ठेवली का, हे चार मुद्दे पाहिल्याशिवाय दुरुस्ती चांगली की वाईट हे ठरवता येत नाही.

इथलेच एक उदाहरण देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागातील एका जुन्या वाड्याच्या माजघरातील आठही सागवानी खांबांचे पाय कित्येक दिवस पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर मालकांना सल्ला मिळाला की सगळे खांब बदलून टाका, कटकट मिटेल. मी प्रत्येक खांबावर खालून वर लाकडी हातोडीने ठोकत गेलो. सहा खांब तळापासून ठणठणीत वाजले. दोन खांबांचा आवाज तळाशी बद्द आला, आणि तिथे दाभण टोचल्यावर ते शेवाळलेल्या दोरखंडात शिरावे तसे बोटभर आत गेले. ही कूज पुराची नव्हती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी तळखड्याभोवती, म्हणजे खांबाखालच्या दगडाभोवती, सिमेंटचा गिलावा करून ओल आत कोंडली होती, आणि पुराने ती उघडकीस आणली एवढेच. आम्ही त्या दोन खांबांचा फक्त खालचा सव्वा फूट कापला, पाडलेल्या वाड्यातून मिळालेल्या जुन्या सागाचे तुकडे लांब तिरक्या सांध्याने जोडले आणि लोखंडाऐवजी लाकडी खुंट्या मारल्या. वरचा रंग खरवडताना एका खांबाच्या माथ्याशी पटाशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा निघाल्या, आणि त्याच तीन रेघा वरच्या तुळईवरही होत्या. कोणता खांब कोणत्या तुळईखाली जायचा, याची ती मूळ सुताराची खूण होती. सगळे खांब बदलले असते तर त्या रेघा सरपणात गेल्या असत्या.

हेच माप जगातल्या प्रसिद्ध नौकांना लावून पाहावे. बोस्टनच्या धक्क्यावर असलेली अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ साली पाण्यात उतरली आणि आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे. तिच्यात मूळ लाकूड १० ते १५ टक्के उरले असावे, असे सांगितले जाते. पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिल्यामुळे तिचे अवयव झिजत आणि बदलत गेले. याच्या दुसऱ्या टोकाला स्टॉकहोमची ‘वासा’ आहे. ती १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाली, ३३३ वर्षे तळाशी राहिली आणि १९६१ साली वर काढली गेली. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने तिथे लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही, त्यामुळे तिचे जवळजवळ सगळे लाकूड मूळचेच आहे. त्या लाकडाने काय दिले, हे पाहण्यासारखे आहे. जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांपैकी दोन १२ इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, तर दोन ११ इंचांच्या ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या होत्या. नौकेची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी का नाही, याचा उलगडा करायला त्या पट्ट्या उपयोगी पडल्या. मूळ लाकूड जपायचे ते यासाठी, कारण ज्या हातांनी काम केले त्यांच्याविषयी असे पुरावे दुसऱ्या कशातही उरत नाहीत.

‘ट्रिंकोमली’ या दोन टोकांच्या मधली आहे, आणि समाधानाची गोष्ट अशी की तिच्या सांगाड्यातील निम्म्याहून अधिक लाकूड अजून मुंबईत घातलेलेच आहे. १९९० पासून सुमारे अकरा वर्षे तिची दुरुस्ती चालली. दोनशे वर्षांची, समुद्रात तरंगलेली नौका एवढे मूळ लाकूड राखून उभी आहे, ही असामान्य बाब आहे. नवे लाकूड पाहून आपल्याला वाईट वाटले हे मी समजू शकतो, पण मला विचाराल तर जुन्याशेजारी नवे लाकूड डोळ्याला वेगळे ओळखू येणे हे प्रामाणिक दुरुस्तीचे लक्षण आहे. नव्या तुकड्याला रंग-पॉलिश करून जुना भासवणारे काम मला पसंत नाही, कारण पुढच्या पिढीच्या कारागिराची त्यातून फसवणूक होते.

ती इतकी का टिकली, याचे श्रेय लोक एका दमात सागाला देऊन मोकळे होतात. ते बरेचसे खरे आहे. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकची टंचाई झाली होती, आणि मुंबईच्या गोदीत मलबारचा साग हाताशी होता. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असते, त्यामुळे बुरशी आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. मात्र सालीलगतच्या पांढऱ्या भागाला हे संरक्षण नसते, म्हणून जाणता सुतार तो पांढरा भाग तासून टाकतो. दुसरा गुण लोखंडाच्या बाबतीतला आहे. ओकमधील आम्लामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचे लाकूड काळे पडून खचते, तर सागात तोच खिळा पुष्कळ अधिक वर्षे शाबूत राहतो. जुन्या वाड्याच्या दारातून शंभर वर्षांपूर्वीचा खिळा काढताना त्याला अजून चमक असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. सागाचे झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवती खोल खाच मारून ते उभ्यानेच वाळवण्याची पद्धत होती, त्यामुळे लाकूड नौकेत बसण्याआधीच बरेचसे मुरलेले असे. लाकूड मुरण्याला किती महत्त्व आहे, हे इंग्लंडमधील पोर्ट्‌समथच्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या युद्धनौकेवरूनही दिसते. तिचा कणा, म्हणजे तळाचे लांबचे लांब मुख्य लाकूड, १७५९ साली बसवला गेला, पण मध्ये युद्ध संपल्याने घाई उरली नाही, सांगाडा नेहमीपेक्षा अधिक काळ उघड्यावर वाळत राहिला आणि ती १७६५ साली पाण्यात उतरली. तिच्या दीर्घायुष्यात या उशिराचा वाटा मानला जातो.

तरीही सगळे श्रेय सागाला देणे मला पटत नाही. ‘ट्रिंकोमली’ १८१९ साली पोर्ट्‌समथला पोहोचली तेव्हा युद्ध संपून गेले होते. तिच्यावर छप्पर घालून तिला राखीव म्हणून बांधून ठेवले गेले, आणि १८४५ पर्यंत ती तशीच होती. नव्या नौकेची पहिली पंचवीस वर्षे छपराखाली जाणे हे केवढे भाग्य! समुद्राचे खारे पाणी लाकडाला तितके कुजवत नाही. नौका कुजते ती वरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने, जे तक्तपोशीच्या, म्हणजे डेकच्या, फटींतून उतरून हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यांत साचते. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. छपराने नेमके हेच टाळले. पुढे ती १८९७ साली मोडीत निघायच्या बेतात असताना व्हीटली कॉब यांनी विकत घेतली, तिला ‘फूद्रोयाँ’ हे नाव दिले, आणि ती मुलांच्या प्रशिक्षणासाठी १९८६ पर्यंत वापरात राहिली. माणसांचा वावर असल्याने गळती वेळीच दिसली आणि वेळीच बुजवली गेली, असा माझा अंदाज आहे. वाड्यांच्या बाबतीत तरी हाच अनुभव येतो.

ज्यांचे नशीब असे नव्हते त्यांचेही उदाहरण लक्षात ठेवावे. ‘इम्प्लॅकेबल’ ही १८०० सालची मूळची फ्रेंच नौका, ट्रॅफल्गरच्या लढाईत सामील झालेली, ‘ट्रिंकोमली’च्याच शेजारी प्रशिक्षणासाठी उभी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च पेलेना, म्हणून १९४९ साली ती समुद्रात नेऊन बुडवण्यात आली.

आता दुसरा प्रश्न. पाण्यातून काढून छपराखाली ठेवणे हे ऐकायला निर्धोक वाटते, आणि मलाही एके काळी तसेच वाटत असे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका संस्थेने पैलतीरावर माणसे ने-आण करणारी एक जुनी सागवानी नाव आठवण म्हणून जपायला घेतली, आणि तिची डागडुजी माझ्याकडे आली. लांबी साधारण बावीस फूट. आम्ही फटी भरल्या, राळ आणि तेल पाजले, आणि संस्थेच्या अंगणात दोन दगडी ओट्यांवर, दोन्ही टोकांना टेकू देऊन, पत्र्याच्या छपराखाली ती ठेवली. दोन उन्हाळे गेल्यावर मला पुन्हा बोलावणे आले. फळ्या सुकून आक्रसल्या होत्या, फटींत करंगळी जात होती, आणि तळाला दोरी ताणून पाहिली तर मध्यभाग अडीच बोटे खाली आला होता. ती चूक माझी होती. पाण्यात असताना त्या नावेच्या प्रत्येक वीतभर तळाला खालून सारखा आधार होता, आणि मी तिला दोन ठिकाणी टेकवून सोडले होते. पुढे आम्ही तिच्या फासळ्यांच्या आकाराचे सात लाकडी घोडे बनवले, त्यांत पाचरी बसवल्या, आणि दर पंधरवड्याला त्या किंचित ठोकत सुमारे दीड वर्षात तळ बराचसा पूर्ववत आणला. एकदम उचलला असता तर फासळ्या तडकल्या असत्या.

याच अडचणीशी ‘व्हिक्टरी’ झुंजते आहे. ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. पाण्याचा आधार गेल्याने तिचे शरीर स्वतःच्याच वजनाने खचू आणि फुगू लागले. आता तिच्याखाली १३४ टेकू बसवले आहेत, आणि प्रत्येकावर किती भार येतो हे मोजण्याची सोय आहे. आमच्या सात घोड्यांचेच ते मोठे रूप म्हणता येईल. शिवाय ती उघड्यावर असल्याने पावसाचे पाणी आत मुरले, बुरशी आली आणि ओक पोखरणारे भुंगेरे लागले. सध्या बाहेरच्या फळ्या काढून तिची मोठी दुरुस्ती सुरू आहे.

पाण्यात ठेवल्यास वेगळा त्रास होतो. नौकेचा मध्यभाग रुंद, म्हणून त्याला पाणी अधिक जोराने वर उचलते. टोके निमुळती, तिथे उचल कमी आणि वजन तेवढेच. त्यामुळे टोके हळूहळू झुकतात आणि कणा मध्यावर वर येतो. ‘कॉन्स्टिट्यूशन’चा कणा असा सुमारे १४ इंच वर आला होता. १९९२ पासूनच्या दुरुस्तीत तिच्या पोटात मूळ रचनेप्रमाणे तिरके आधार पुन्हा बसवले, तेव्हा ती सावरली, आणि १९९७ साली आपल्या शिडांवर चाललीही. नौका पाण्यात ठेवायची तर ठरावीक काळाने गोदीत घेऊन तळ तपासावाच लागतो.

‘वासा’ची गोष्ट आणखी निराळी. ती पाण्याने इतकी भरलेली होती की साधी वाळवली असती तर लाकूड आक्रसून चिरफाळले असते. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकोल या मेणासारख्या पदार्थाचे द्रावण तिच्यावर १७ वर्षे फवारून लाकडातील पाण्याची जागा त्याला दिली. तरी पुढे तळाच्या पाण्यातून लाकडात शिरलेल्या गंधकाचे, लोखंडी बोल्टांच्या सान्निध्याने, आम्ल होऊ लागले, आणि ५,००० हून अधिक बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे घालावे लागले. ती तर छपराखाली, हवेतील ओल मोजून राखलेल्या दालनात आहे. छपराखाली गेले म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही, एवढे यातून आपल्या लक्षात यावे.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. नौका कायम तरंगत राहिली असेल, तिचे लाकूड त्या ओलीला सरावले असेल आणि सांगाडा घट्ट असेल, तर मी तिला पाण्यातच ठेवण्याचा सल्ला देईन. ‘ट्रिंकोमली’ आज हार्टलपूलच्या गोदीत तरंगती आहे, ते मला योग्य वाटते. सांगाडाच मोडकळीला आला असेल, किंवा सतत देखभाल करणारी माणसे आणि पैसा नसेल, तर तिला बाहेर काढावे, पण जागोजागी आधार देऊन आणि हळूहळू वाळवून. कोणत्याही परिस्थितीत वरून येणारे गोडे पाणी रोखणे हे पहिले काम.

आपल्या आरमाराविषयी थोडक्यात सांगतो. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, त्यांच्याकडे कायम झाले. त्यामुळे गुराबा आणि गलबतांचे, म्हणजे मोठ्या आणि लहान लढाऊ नौकांचे, ते आरमार आपल्या साताऱ्याच्या गादीचे होते, हे आपण अभिमानाने सांगू शकता. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर इंग्रजांचा हल्ला झाला तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याला आग लागून तो जळाला, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हे लिहिताना आजही वेदना होतात. ज्या नौका अशा जळाल्या नाहीत त्या वापरून वापरून संपल्या. त्यांचे चांगले सोट आणि फळ्या दुसऱ्या नौकांत वा घरांत गेल्या असणार, कारण साग फेकून देणारा माणूस तेव्हा नव्हता. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी मात्र आजही पाहता येते. आपण अजून गेला नसाल तर ओहोटीच्या वेळी जावे.

लाकडाची काळजी आपल्याकडे कुणी घेतली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारा साग हुजुरातून परवानगी घेऊनच तोडावा, आणि रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेले आंबे-फणस तर जबरदस्तीने मुळीच तोडू नयेत, अशी ताकीद आहे. अमेरिकी नौदलाने ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या दुरुस्तीसाठी इंडियाना राज्यात क्रेन येथे ओकची झाडे राखून ठेवली आहेत, ती याच समजुतीने. आज मला वाड्याच्या तुळईसाठी चांगल्या गाभ्याचा, सरळ, वीस फुटी साग शोधायला महिनेन्‌महिने लागतात. उद्या कोणी मराठी आरमाराच्या धर्तीची गुराब नव्याने बांधायची म्हटली, तर तिच्या फासळ्यांना लागणारे नैसर्गिक बाकाचे लाकूड कुठून आणायचे, या प्रश्नाचा विचार आधी करावा लागेल.

आपण पुन्हा हार्टलपूलला जाल तेव्हा वरची तक्तपोशी आणि तोफा पाहून झाल्यावर शक्य तितके खाली, तळाच्या कोठारापर्यंत उतरावे आणि सोबत चांगली विजेरी ठेवावी. नव्या आणि जुन्या लाकडाचा सांधा दिसेल तिथे तो किती लांब आहे, तिरका आहे का, जुन्या बाजूची कड जपून कापली आहे का, हे पाहावे, आणि परवानगी मिळाल्यास जुन्या सागावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकून कान द्यावा. त्या सांध्यांची छायाचित्रे काढून आपण इथे टाकलीत, तर कोणती जोडणी कशासाठी केली असावी हे मी एकेक करून सांगेन.